‘व्रात्य’ या शब्दाविषयी

खोड्या करणाऱ्या मुलासाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांची मोजदाद करू गेल्यास यादी बरीच लांबते. खोडकर, अवखळ, द्वाड, हूड, खट्याळ, उनाड, नाठाळ, वात्रट हे शब्द घरातल्या वळणाचे आहेत. मस्तीखोर, वाह्यात, बदमाश, इब्लिस हे फारसी-अरबीच्या वाटेने आले आणि येथलेच होऊन गेले. या मेळाव्यात ‘व्रात्य’ हा शब्द मात्र काहीसा अवघडून उभा आहे असे वाटते. आरंभी ‘व्र’ आणि अखेरीस ‘त्य’ अशी दोन जोडाक्षरे घेऊन आलेला हा अस्सल तत्सम शब्द. तरीही संस्कृतचा गंध नसलेल्या आयाआज्यांनी तो स्वयंपाकघरातून आणि ओसरीवरून पिढ्यान्‌पिढ्या सहजपणे उच्चारला आहे. ‘व्रात्य कार्टं’ या जोडीत वेदकालीन शब्द आणि रोजच्या बोलण्यातला शब्द शेजारी बसतात आणि ऐकणाऱ्याला त्यात काहीच विसंगत वाटत नाही.

हे नवल आपल्या शेजारच्या भाषांकडे पाहिले की अधिक जाणवते. बंगालीत ‘व्रात्य’ म्हणजे समाजाच्या पंक्तीबाहेरचा, पतित, उपेक्षित. रवींद्रनाथांनी ‘पत्रपुट’ (1936) या संग्रहातील एका कवितेत स्वतःला व्रात्य म्हणवून घेतले, ते याच अर्थाने. तेथे या शब्दात बहिष्काराची वेदना आहे आणि ती अभिमानाने स्वीकारल्याचा भावही आहे. मराठी वाचकाने ती कविता आपल्या शब्दार्थाने वाचली तर कवी स्वतःला खोडकर म्हणवून घेतो आहे, असा विनोदी गैरसमज होईल. एकाच शब्दाची दोन शेजारी भाषांत इतकी फारकत कशी झाली, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडलेला आहे. त्याचे उत्तर शोधताना हाती लागलेली सामग्री व्युत्पत्तीच्या चौकटीत मावत नाही. ती समीक्षेच्याही दारापर्यंत येऊन पोहोचते.

व्युत्पत्तीपासूनच सुरुवात करू. ‘व्रात्य’ हा शब्द ‘व्रत’ या शब्दाशी जोडला जातो, तसाच ‘व्रात’ या शब्दाशीही. व्रात म्हणजे समूह, टोळी. पाणिनीने ‘व्रात’ शब्दासाठी स्वतंत्र सूत्रे रचली, आणि पतंजलीने महाभाष्यात व्रातांचे वर्णन केले ते असे : निरनिराळ्या जातींत जन्मलेल्या, ठरावीक वृत्ती नसलेल्या आणि अंगबळावर जगणाऱ्या लोकांचे संघ. ‘ठरावीक वृत्ती नसणे’ ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ‘बदमाश’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्याचा ‘मआश’, म्हणजे चरितार्थ, वाईट आहे तो. दोन अगदी वेगळ्या संस्कृतींनी माणसाला संशयित ठरवताना प्रथम त्याच्या पोटापाण्याच्या साधनाकडे बोट दाखवले, हा योगायोग बोलका आहे.

पण व्राताला त्या काळी नुसता संशयच वाट्याला आला असे नाही. यजुर्वेदातील शतरुद्रीयात रुद्राच्या नाना रूपांना वंदन करताना गण आणि गणपती यांच्यासोबत व्रात आणि व्रातपती यांनाही वंदन आहे. तोच व्रातपती पुढे गणपती अथर्वशीर्षात गणेशाचे नाव म्हणून येतो. भाद्रपदात महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतून अथर्वशीर्षाची आवर्तने होतात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात तेथे ‘व्रतपती’ असाच अर्थ उमटत असतो. प्रत्यक्षात तो टोळ्यांचा नायक आहे. ज्या घरात मुलाला ‘व्रात्यपणा पुरे’ म्हणून दटावले जाते, त्याच घरात व्रातांच्या धन्यासमोर हात जोडले जातात.

अथर्ववेदाचे पंधरावे कांड तर व्रात्याच्या गौरवासाठीच खर्ची पडले आहे. तेथला व्रात्य भटकत निघतो आणि त्याच्या हालचालीने प्रजापतीही ढवळला जातो. तो वर्षभर उभा राहतो, देव त्याच्यासाठी आसन आणतात, दिशादिशांत तो संचार करतो. त्याच्या सोबतीला पुंश्चली आणि मागध आहेत. म्हणजे एक स्वैर स्त्री आणि एक स्तुतिपाठक. वाङ्मयाच्या अभ्यासकाने या सोबत्यांची दखल घ्यायला हवी. मळलेली वाट सोडून निघालेल्या या पुरुषाबरोबर शब्दांवर जगणारा एक माणूस चालतो आहे, असे वेदानेच नोंदवून ठेवले आहे.

याच्या अगदी उलट सूर सामवेदाच्या ताण्ड्य ब्राह्मणात लागतो. त्याच्या सतराव्या अध्यायात ‘व्रात्यस्तोम’ नावाच्या यज्ञांचे वर्णन आहे. देव स्वर्गाला गेले आणि व्रात्यजीवन जगणारे त्यांचे अनुयायी मागे राहिले, अशी तेथे कथा येते. हे मागे राहिलेले लोक वेदाध्ययन करीत नाहीत, शेती करीत नाहीत, व्यापार करीत नाहीत. त्यांच्या डोक्याला पागोटे, हातात चाबूक, बाणांविना धनुष्य, फळ्या टाकलेला रथ, अंगावर काळे वस्त्र आणि अजिने, गळ्यात रुपेरी निष्क. इतके नेमके वर्णन निव्वळ तिरस्कारातून होत नाही. त्यात धास्तीने न्याहाळलेले तपशील आहेत. पुढे ब्राह्मणकार त्यांच्या बोलण्यावर दोन आक्षेप घेतो. जे उच्चारायला कठीण नाही त्याला ते कठीण म्हणतात, हा पहिला. दीक्षा घेतलेली नसताना दीक्षितांची भाषा बोलतात, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपावरून हे लोक प्राकृताच्या वळणाने बोलत असावेत आणि संस्कृतातली जोडाक्षरे त्यांना जड जात असावीत, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तो मान्य केला तर एक मौज हाती लागते. जोडाक्षरे सैल करीत आलेल्या प्राकृतांच्या कुळातच मराठीचा जन्म झाला, आणि त्या मराठीने हा एक शब्द त्याच्या दोन्ही जोडाक्षरांसह जपला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अधिकार नसताना अधिकाऱ्यांची भाषा बोलणे हा येथे अपराध ठरतो. आगाऊ मुलावर आपण आजही हाच आरोप करतो : लहान तोंडी मोठा घास. वेषाने, वृत्तीने आणि वाणीने जो बाहेरचा तो व्रात्य, अशी ही त्रिविध व्याख्या आहे, आणि तिच्यातील वाणीचा निकष सगळ्यांत चिवट ठरला.

या अध्यायात चार तऱ्हेच्या व्रात्यांसाठी चार स्तोम सांगितले आहेत. त्यांतला एक वयाने लहान असतानाच व्रात्यजीवनात शिरलेल्यांसाठी आहे. व्रात्यांविषयीचे आधुनिक संशोधन निरनिराळ्या दिशांना गेलेले आहे. हाउअर यांनी 1927 मध्ये व्रात्यांत योग्यांचे पूर्वज पाहिले. हेस्टरमान यांनी 1962 मध्ये त्यांचे विधी श्रौत यज्ञाच्या आधीच्या अवस्थेशी जोडले. फाल्क यांनी 1986 मध्ये त्यांना तरुणांच्या शपथबद्ध टोळ्या मानून त्यांचे फाशांच्या खेळाशी असलेले नाते उलगडले. या तिसऱ्या मताप्रमाणे व्रात्यपण हा आयुष्यातला एक टप्पा ठरतो. तरुणांनी घराबाहेर, टोळीने, नियमांच्या पलीकडे घालवायचा आणि मग परतायचा. शब्दाच्या मराठी अर्थाकडे जाणारी पायवाट येथून दिसू लागते.

ती वाट रुंद केली स्मृतिकारांनी. मनूच्या हाती आल्यावर टोळी, रथ, काळे वस्त्र हे सारे गळून पडले आणि व्रात्यपणाला वयाचा निकष लागला. ब्राह्मणाची मुंज सोळा, क्षत्रियाची बावीस आणि वैश्याची चोवीस वर्षांपर्यंत झाली नाही तर तो सावित्रीपतित, म्हणजे व्रात्य. सामूहिक जीवनपद्धतीचे नाव आता एका राहून गेलेल्या संस्काराचे नाव झाले. त्याबरोबरच मनूने लिच्छवी, मल्ल, खस, द्रविड अशा समूहांना व्रात्य क्षत्रियांची संतती ठरवून टाकले. एका मुलाच्या हुकलेल्या मुंजीच्या मापाने संपूर्ण जनसमूह मोजले गेले. याज्ञवल्क्याने मात्र एक वाट उघडी ठेवली. व्रात्यस्तोम केला तर हा माणूस परत व्यवहाराला योग्य होतो. श्रौतसूत्रांत तर असाही तपशील आहे, की परतणाऱ्या व्रात्याने आपली जुनी सामग्री, ती काळी वस्त्रे आणि तो रथ, मगधातल्या एखाद्या नावापुरत्या ब्राह्मणाला द्यावा किंवा ज्यांनी अद्याप व्रात्यजीवन सोडलेले नाही त्यांना देऊन टाकावा. बाहेरचे जग नष्ट करण्याची अट परतणाऱ्यावर नव्हती. त्याने वेष उतरवायचा आणि तो मागे राहिलेल्यांच्या हवाली करायचा, एवढेच.

महाराष्ट्रात या शब्दाची धार पुढेही बोथट झाली नव्हती. 1674 मध्ये राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांना, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, क्षत्रियोचित संस्कार न झाल्याबद्दल प्रायश्चित्त घेऊन मुंज करावी लागली. ज्याने राज्य उभे केले त्या पुरुषालाही शास्त्राच्या कोष्टकात आधी व्रात्याच्या रकान्यातून बाहेर यावे लागले. कोल्हापुरात 1899 नंतर पेटलेल्या वेदोक्त प्रकरणातही प्रश्न हाच होता : वेदमंत्रांचा अधिकार कोणाला, आणि तो नाकारण्याचा अधिकार कोणाला. शाहू महाराजांनी त्या प्रश्नाला राज्यकर्त्याच्या निश्चयाने उत्तर दिले. म्हणजे ज्या शतकांत मराठी आज्या नातवंडांना ‘व्रात्य’ म्हणून दटावत असतील, त्याच शतकांत हा शब्द जिच्या पोटी आहे ती व्यवस्था मोठ्यांच्या जगात माणसांच्या जागा ठरवीत होती.

मग घरात तो मऊ कसा झाला? मला त्याचे कारण मुंजीच्या वयातच दिसते. ज्या घरांत मुंज होत असे त्या घरांत मुंजीआधीचा मुलगा काहीही खाऊ-बोलू शके. त्याच्यावर आचाराचे बंधन नसे. संस्कार व्हायचा राहिलेला तो व्रात्य, हा शास्त्राचा अर्थ. संस्कार अजून अंगी न बाणलेला तो व्रात्य, हा घराचा अर्थ. दोन्हींत अंतर आहे ते काळाचे. शास्त्रातला व्रात्य मुदत उलटून गेलेला आहे; घरातल्या व्रात्याची मुदत अजून शिल्लक आहे. तो आज ना उद्या ताळ्यावर येणारच, ही खात्री शब्दात आधीच भरलेली आहे, म्हणून तो रागाने उच्चारला तरी त्याच्या तळाशी कौतुक राहते.

हीच युक्ती आपल्या भाषेने इतर शब्दांवरही केलेली दिसते. इब्लिस हा आदमापुढे झुकण्यास नकार देऊन ईश्वरी कृपेला मुकलेला. मराठीत तो शेजाऱ्याची कडी लावून पळणारा पोरगा झाला. पुंड-पाळेगारांनी राज्ये हादरवली. पुंडाई आज अंगणातही चालते. ‘मस्त’ म्हणजे नशेत चूर. मस्ती मात्र गादीवर उड्या मारून होते. धर्म, राज्य आणि शुद्ध यांच्याबाहेर गेलेल्यांची नावे आपण लहान मुलांना उसनी देतो. मोठा अपराध छोट्या अंगावर चढवला की तो ढगळ होतो, आणि त्या ढगळपणाचे हसू येते.

या प्रक्रियेचा सर्वांत मोठा दाखला कृष्णाचा आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात सात्यकीला वाचवण्यासाठी, कृष्णाच्या सांगण्यावरून, अर्जुन भूरिश्रव्याचा हात तोडतो. तेव्हा भूरिश्रवा अर्जुनाला विचारतो ते अशा अर्थाचे आहे, की वृष्णी आणि अंधक हे तर व्रात्य. त्यांना तू प्रमाण कसे मानलेस? म्हणजे कृष्णाचे कुळ व्रात्य असल्याचा आरोप रणांगणावर उघडपणे झालेला आहे. पुढे गौळणींतून, कीर्तनांतून आणि दहीकाल्यातून मराठी मनात ठसलेला कृष्ण पुन्हा व्रात्यच आहे, पण आताच्या अर्थाने : शिंकी फोडणारा, लोणी चोरणारा, गवळणींच्या तक्रारींनी यशोदेला हैराण करणारा. गवळणी तक्रार करतात आणि तक्रारीत रमतात. मात्र हा मुलगा नंदाच्या, गोकुळाच्या प्रमुखाच्या घरातला आहे, हे विसरता येत नाही. चोरीला खोडी म्हणता येण्यासाठी चोराला घर असावे लागते, आणि ते घर तक्रार करणाऱ्याला मान्य असावे लागते.

येथे मला माझ्या लहानपणातल्या काही दुपारी आठवतात. आमच्या वाड्यामागे शेजाऱ्यांचे कैरीचे झाड होते. दगड मारून कैऱ्या पाडणाऱ्यांत आम्ही भावंडे असू आणि वाड्यात धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा मुलगाही असे. नेम खरे तर त्याचाच चांगला. पुढे तक्रार आईकडे येई. ‘तुमची मुलं भारी व्रात्य आहेत हो वहिनी,’ असे शेजारच्या काकू हसत सांगत, आणि त्याच श्वासात, आवाज बदलून, ‘आणि त्या भामट्याला आधी फाटकाच्या आत घेणं बंद करा,’ असेही म्हणत. कैऱ्या त्याच होत्या, दगडही तेच. त्या वयात मला दोन शब्दांतला फरक कळला नव्हता. आवाजातला कळला होता. आम्हाला संध्याकाळी दटावणी मिळाली की प्रकरण मिटे. त्या मुलाची आई मात्र पुढचे काही दिवस मान खाली घालून काम करी.

‘भामटा’ हा शब्द आपण लबाड माणसासाठी वापरतो तेव्हा ते एका समाजाचेही नाव आहे याचे भान ठेवत नाही. ‘राजपूत भामटा’ हे नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. ‘उचल्या’ हाही तसाच. 1871 मध्ये ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि विशिष्ट जमातींत जन्मणे हीच गुन्ह्याची नोंद ठरली. कायदा 1952 साली रद्द झाला, शब्द राहिले. लक्ष्मण गायकवाड यांनी 1987 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिले आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते नाव वाचताना वाचकाला जो धक्का बसतो तो याचा, की आपण सहज फेकत असलेला शब्द कोणाची तरी जन्मनोंद आहे.

आता ‘व्रात्य’ आणि ‘भामटा’ हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही मुळात ठरावीक वृत्ती नसलेल्या, टोळीने हिंडणाऱ्या लोकांना लावलेली नावे. एक लाडके संबोधन झाले, दुसरे शिवी. मला वाटते, याचा निर्णय त्या लोकांच्या वर्तनाने केलेला नाही. व्रात्याला परतण्याचे दार होते. व्रात्यस्तोम हे त्याचे शास्त्रीय नाव, माया हे घरगुती. 1871 च्या कायद्यात असे दार नव्हते, कारण जन्मातून परत कोठे येणार? शब्दाचा अर्थ मवाळ होतो तो ज्याच्यासाठी क्षमा आधीच मंजूर झालेली असते त्याच्या बाबतीत. खोडकरपणाचे सारे शब्द अशा पूर्वमंजूर क्षमेचे शब्द आहेत. ती मंजुरी कोणाला मिळते, हे कोश सांगत नाही.

हा प्रश्न समीक्षेच्या भाषेलाही विचारायला हवा. आपण लेखनातील नियमभंगाला विशेषणे लावतो, आणि तीही अशीच दोन गटांत पडतात. मध्यमवर्गीय घराच्या परिचित चौकटीत राहून चौकटीची टर उडवणाऱ्या लेखनाला आपण मिश्कील, खट्याळ, खुसखुशीत म्हणतो. मंगेश पाडगावकरांच्या ‘वात्रटिका’ या नावातच वात्रटपणाला दिलेला परवाना आहे, आणि वाचक तो आनंदाने मान्य करतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972 मध्ये आला तेव्हा त्याच्या भाषेसाठी आपल्याकडे खट्याळ हा शब्द निघणे शक्यच नव्हते. शिवराळ, अश्लील, आक्रस्ताळी हीच विशेषणे हाताशी होती. त्या कवितेत खेळ नाही असे नाही. शब्दांची मोडतोड, नवे घडवलेले शब्द, अनपेक्षित उड्या हे सारे तिच्यात भरपूर आहे. पण तिचा कवी संध्याकाळी आपल्याच घरी परत येणारा मुलगा नव्हता. अधिकार नसताना दीक्षितांची भाषा बोलण्याचा ताण्ड्य ब्राह्मणातला आक्षेप येथे रूप बदलून आलेला दिसतो. आणि त्याच्याही पुढे जाऊन या कवीने दीक्षितांची भाषाच नाकारली होती.

अशा लेखनाबाबत प्रस्थापित समीक्षेने पुष्कळदा व्रात्यस्तोमाचा मार्ग अवलंबिला आहे. काही काळाने त्यात प्रतिमासृष्टी, लय, रूपबंध असल्याचे दाखवून ते पंक्तीला बसवले जाते. ही क्षमा उदार असली तरी तिची अट जुनीच आहे : काळी वस्त्रे उतरवा आणि मग आत या.

अथर्ववेदाच्या त्या पंधराव्या कांडात मात्र आणखी एक शक्यता नोंदवलेली आहे, आणि स्मृतिकारांच्या गदारोळात ती मागे पडली. जाणता व्रात्य राजाच्या घरी अतिथी म्हणून आला तर राजाने त्याला आपल्याहून श्रेष्ठ मानावे, असे तेथे सांगितले आहे. त्याने आधी प्रायश्चित्त घ्यावे, वेष बदलावा, उच्चार सुधारावा, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. तो बाहेरचाच राहतो आणि बाहेरचा म्हणूनच त्याचे स्वागत होते. यजमानाने त्याला विचारायचे ते एवढेच, की रात्री कोठे होतास, पाणी हवे का, तुझी इच्छा काय. बाहेरून आलेल्या नव्या लेखनाला आपण हे तीन साधे प्रश्न क्वचितच विचारतो.